जमिनीवर पळणारा प्रत्येक कोळी 'रिक्लूज' नसतो

पाऊस स्थिरावला आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. एका काळपट-तपकिरी कोळ्याचा फोटो, शेजारी चिघळलेल्या पायाचा फोटो आणि खाली साधारण असं काही: 'सावधान! जाळं न विणता जमिनीवरून पळणारा हा कोळी म्हणजे अमेरिकेतला जीवघेणा ब्राऊन रिक्लूज. तो आता गोव्यात पोचला आहे. चिऱ्यांतून, जळाऊ लाकडांतून, माटोळीच्या (चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानातून घरात शिरतो. तपकिरी रंग आणि पाठीवरची खूण पाहून लगेच ओळखता येतो. शंका असेल तर मोबाइलच्या ॲपवर फोटो टाका, नाव येतं. चावला की मांस सडतं. दिसेल तिथे मारा. सर्वांना पाठवा.'

हा मजकूर मला पेडण्याहून आला, सत्तरीतून आला, काणकोणातूनही आला. पाठवणारे शिक्षक आहेत, बागायतदार आहेत, लहान मुलांचे आईवडील आहेत. सगळ्यांनी तो काळजीपोटी पाठवला. 'अफवा आहे, सोडून द्या' एवढ्याने त्यांची काळजी मिटणार नाही. जमिनीवरच्या कोळ्यांच्या अभ्यासात मी बरीच वर्षं आहे आणि या मजकुरातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊनच उत्तर देतो.

पहिलं विधान फोटोबद्दलचं: हा रिक्लूज आहे. माझ्याकडे आलेल्या मजकुरांना मुळात दोन वेगवेगळे फोटो जोडलेले होते. एकात लांब पाय पसरून भिंतीला चिकटलेला मोठा चपटा कोळी. तो हेटेरोपोडा वेनॅटोरिया, म्हणजे हंट्समन. गोव्यातल्या कौलारू घरात राहिलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. रात्री झुरळं पकडतो, आणि मादी आपली चपटी गोल अंडपिशवी पोटाखाली धरून फिरते. दुसऱ्या फोटोतला कोळी अगदीच लहान, सेंटिमीटरभराचा, लांबट, चकचकीत काळपट. त्याच्या पोटाच्या मागच्या टोकाला दोन आखूड नळ्या बाहेर आलेल्या स्पष्ट दिसत होत्या. हा ग्राउंड स्पायडर, नॅफोसिडी कुलातला. एकाच नावाखाली दोन वेगळ्या कुलांचे कोळी फिरताहेत, आणि त्यांतला एकही रिक्लूज नाही.

हे तपासायचं कसं? डोळे मोजून. रिक्लूज हा लोक्सोसेलेस प्रजातीतला कोळी (वर्गीकरणात एका कुलात अनेक प्रजाती येतात आणि एका प्रजातीत अनेक जाती). त्याला सहा डोळे असतात, दोन-दोनच्या तीन जोड्यांत: एक जोडी समोर, एकेक बाजूला. ग्राउंड स्पायडरला आठ डोळे, चार-चारच्या दोन आडव्या ओळींत. मागच्या ओळीतले मधले दोन बहुधा गोल नसतात. लांबट किंवा तिरपे असतात आणि उजेड पडला की चंदेरी चमकतात. साध्या भिंगाने किंवा मोबाइलला लावायच्या मॅक्रो लेन्सने हे दिसतं. मजकुरातला दुसरा फोटो जरा मोठा करून पाहिला तरी चार डोळ्यांची एक पूर्ण ओळ मोजता येते.

इथे एक खबरदारी सांगायलाच हवी. सहा डोळे दिसले म्हणजे रिक्लूज, असा उलटा निष्कर्षही काढू नका. आपल्या घरांत स्कायटोडेस नावाचे कोळी राहतात. त्यांचेही सहा डोळे तीन जोड्यांतच असतात. पण शरीराचा पुढचा भाग घुमटासारखा फुगीर असतो, कारण त्यात भक्ष्यावर फवारायचा चिकट द्रव बनवणाऱ्या ग्रंथी असतात. माणसाला त्यांच्यापासून काही धोका नाही.

ज्याच्या नावाने भीती पसरली आहे तो लोक्सोसेलेस रेक्लुसा अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागातला आहे: कॅन्सस, मिसुरी, ओक्लाहोमा, आर्कान्सा, टेक्सस. त्याच प्रजातीतली भूमध्य सागराकडची एक जात माणसाच्या मालाबरोबर जगात बऱ्याच ठिकाणी पोचली आहे, त्यामुळे 'या प्रजातीचा कोळी भारतात असूच शकत नाही' असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या बल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) दिसलेला, चिरा उचलल्यावर पळालेला, आठ डोळ्यांचा काळा कोळी रिक्लूज नव्हे, हे ठामपणे सांगतो.

आता रंग. मजकुरातली सगळ्यांत घातक कल्पना हीच, कारण ती वाचणाऱ्याला खरी वाटते. पक्षी रंगावरून ओळखतो, फुलपाखरू पंखांच्या नक्षीवरून ओळखतो, मग कोळी का नाही? काही कोळ्यांच्या बाबतीत हे चालतंही. बागेत जाळ्याच्या मधोमध पायांची फुली करून बसणारी सिग्नेचर स्पायडर, रानात झाडांमध्ये मोठं जाळं बांधणारा जायंट वुड स्पायडर, वर सांगितलेला हंट्समन, यांना चांगल्या फोटोवरून नाव देता येतं. ग्राउंड स्पायडरांचं तसं नाही. या कुलात जगभरात २,४०० हून अधिक जाती नोंदल्या आहेत. एकट्या झेलोटेस प्रजातीत साडेतीनशेहून जास्त. आणि झेलोटेसची बहुतेक प्रत्येक जात दिसायला कशी? काळी, चकचकीत, नक्षी नसलेली. दोन जाती शेजारी ठेवल्या तर त्यांच्यावर आयुष्य घालवलेला माणूसही वरून पाहून त्या वेगळ्या करणार नाही.

त्यात रंग स्थिर नसतो. कात टाकल्यावर तोच कोळी फिकट पिवळसर दिसतो आणि नंतर गडद होत जातो. अंडी भरलेल्या मादीचं पोट ताणलं की वरचे केस विरळ दिसतात आणि रंग उतरल्यासारखा वाटतो. अनेक प्रजातींत नराच्या पोटावर पुढच्या बाजूला एक कडक चकचकीत पाटी असते, मादीला ती नसते. त्यामुळे एकाच जातीचे नर-मादी दोन वेगळे कोळी वाटतात. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा रंग तर वर्षानुवर्षं उतरतच जातो. संग्रहालयातला शंभर वर्षांचा नमुना फिकट तपकिरीच असणार, जिवंतपणी तो कसाही असो.

मग जात ठरते कशावरून? हे जरा सविस्तर सांगतो, कारण 'लगेच ओळखता येतो' हे वाक्य इथेच कोसळतं.

कुल ठरवणं त्यातल्या त्यात सोपं. आधी पोटाच्या टोकाच्या तंतुनलिका, म्हणजे रेशीम सोडणाऱ्या नळ्या, पाहायच्या. ग्राउंड स्पायडरच्या पुढच्या दोन नलिका दंडगोल आणि एकमेकींपासून सुट्या असतात, कोळी वरून पाहिला तरी त्या मागे डोकावतात. मग पाय: प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या. लांडगा कोळी, म्हणजे लायकोसिडी कुलातला, हाही जमिनीवर पळतो आणि लोक दोघांची गल्लत करतात. पण त्याला तीन नख्या असतात, डोळ्यांची मांडणी वेगळी असते आणि मादी अंडपिशवी तंतुनलिकांना चिकटवून ओढत नेते, पुढे पिल्लं पाठीवर घेते. तोंडाजवळचे भाग पाहिले तर ग्राउंड स्पायडरच्या जबड्यांवर एक तिरपी खोलगट रेघ सापडते. इथपर्यंत भिंगाने किंवा साध्या सूक्ष्मदर्शकाने जमतं.

प्रजातीसाठी आणखी बारकावे लागतात. झेलोटेस आणि तिच्या जवळच्या प्रजातींमध्ये मागच्या दोन जोड्या पायांच्या टोकाकडे ताठ केसांची एक छोटी फणी असते, कोळी तिने अंग साफ करतो. नॅफोसा प्रजातीत विषदाताच्या मागच्या कडेला दातेरी पातळ पट्टी असते. मायकेरियाच्या अंगावर चमकणारे खवले असतात, चालणं मुंगीसारखं असतं आणि भरदिवसा हिंडणं असतं, म्हणून लोक तिला मुंगीच समजतात.

आणि जात? ती प्रौढ कोळ्याच्या जननेंद्रियांवरून ठरते. मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला, श्वसनाच्या दोन फटींच्या मध्ये, एपिजाइन नावाची कडक पाटी असते. सहा-सात मिलिमीटरच्या कोळ्यात ती अर्धा मिलिमीटरही भरत नाही. ती सुईने अलगद सोडवायची, लवंगेच्या तेलात ठेवायची. थोड्या वेळाने भोवतालचं सगळं पारदर्शक होतं आणि आतल्या नळ्या, त्यांची वळणं, टोकाच्या शुक्रकोशांचा आकार दिसू लागतो. एका जातीत नळी एकदा वळसा घेते, दुसरीत दोनदा. एकीत कोश गोल, दुसरीत लांबट. नरात पाहायचं ते पाल्प, म्हणजे तोंडाच्या दोन्ही बाजूंना असलेले छोट्या पायांसारखे अवयव. प्रौढ नरात त्यांची टोकं फुगलेली असतात. त्यावरचा काटा कुठून निघतो, कोणीकडे वळतो, शेजारचा हूक किती मोठा आहे, खालच्या सांध्यावरचं टोक बोथट आहे की अणकुचीदार, हे सगळं चित्र काढून जुन्या चित्रांशी जुळवायचं. एका नमुन्याला अर्धा दिवस सहज जातो. एवढं करूनही चित्र कशाशीच जुळलं नाही तर मूळ नमुना, म्हणजे ज्यावरून त्या जातीचं पहिलं वर्णन झालं तो, पाहावा लागतो, आणि भारतातल्या कोळ्यांचे मूळ नमुने कोलकात्यात आहेत, लंडनला आहेत, पॅरिसला आहेत.

कोळी वयात आलेला नसेल तर यांतलं काहीच नसतं. पिल्लात हे अवयव तयारच झालेले नसतात. मग बाटलीवर 'झेलोटेस, जात अनिश्चित' असं लिहून थांबतात. शिकायला येणाऱ्या मुलांना मी सगळ्यांत आधी हे थांबणं शिकवतो. नाव नाही म्हणून त्यांना वाईट वाटतं, पण चुकीच्या नावाची चिठ्ठी लागलेला नमुना पुढच्या अभ्यासकाला फसवतो.

भारतात हे काम किती थोड्या लोकांनी उभं केलं तेही सांगायला हवं. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांचा ब्रिटिश भारतातल्या अष्टपादांवरचा (कोळी, विंचू वगैरेंवरचा) ग्रंथ १९०० साली आला. त्यानंतर ग्राउंड स्पायडरांची एकत्र आणि सचित्र मांडणी व्हायला १९८२ साल उजाडलं. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादर यांनी 'फॉना ऑफ इंडिया' मालिकेत ती केली. आजही आपल्या कित्येक जातींची फक्त मादी माहीत आहे, कित्येकांचा फक्त नर. अमेरिकेत हेच काम न्यूयॉर्कच्या संग्रहालयात नॉर्मन प्लॅटनिक आणि मोहम्मद उमर शादाब यांनी एकेक प्रजाती हातात घेऊन वर्षानुवर्षं केलं, म्हणून तिथल्या कोळ्यांना आज बरीच खात्रीची नावं आहेत. आपल्याकडे तसं अजून व्हायचं आहे. आणि इथे एक फॉरवर्ड मजकूर सांगतो की रंग पाहून ओळखा.

'ॲपवर फोटो टाका, नाव येतं.' येतं खरं. प्रश्न आहे ते कुठून येतं. ही ॲप आधी कोणीतरी नाव देऊन टाकलेल्या हजारो फोटोंवर शिकलेली असतात. ज्या जातीचे पुरेसे फोटो त्यांना मिळालेच नाहीत, ती जात त्यांच्या यादीत नसते, आणि यादीत नसलेलं नाव ती सुचवू शकत नाहीत. ग्राउंड स्पायडरांचे खात्रीचे फोटो युरोप-अमेरिकेतले जास्त आहेत. साहजिकच सत्तरीतल्या कोळ्याला तिथल्या एखाद्या जातीचं नाव चिकटतं. ॲपचा दोष म्हणण्यापेक्षा वापरण्याच्या पद्धतीचा दोष म्हणेन. आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या जिवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर मी स्वतः नोंदी करतो आणि इतरांनीही कराव्यात असं मला मनापासून वाटतं. फक्त ग्राउंड स्पायडरसाठी 'नॅफोसिडी' या कुलावर, फार तर प्रजातीवर थांबा. जागा आणि तारीख अचूक असेल तर तेवढीही नोंद मोलाची आहे. आणि ॲपने सुचवलेल्या नावाच्या भरवशावर कोणाच्या जखमेचं निदान करू नका.

'जाळं विणत नाही' याबद्दल थोडक्यात. शिकारीसाठी ग्राउंड स्पायडर गोल जाळं बांधत नाहीत, हे बरोबर. पण रेशीम भरपूर वापरतात. दिवसा दगडाखाली किंवा पाचोळ्यात स्वतःभोवती रेशमाची पातळ पिशवी करून झोपतात, आणि मादी कागदासारखी चपटी अंडपिशवी दगडाला डकवते. यापुढची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. बहुतेक कोळी धागा कुठे तरी चिकटवायला एक प्रकारचं डिंकासारखं रेशीम वापरतात. ग्राउंड स्पायडरांमध्ये त्याच्या ग्रंथी फार मोठ्या झाल्या आहेत. ते भक्ष्याभोवती धावत त्या रेशमाच्या चिकट पट्ट्या त्याच्या पायांवर आणि तोंडावर टाकतात आणि त्याला जखडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे बारकाईने दाखवलं, आणि त्याची किंमतही दाखवली: या बदलामुळे धागा पक्का चिकटवण्याची त्यांची क्षमता कमी झाली आहे. या पट्ट्यांमुळेच ते स्वतःएवढ्या किंवा स्वतःपेक्षा मोठ्या कोळ्यांची शिकार करतात.

आता सगळ्यांना खरी भीती ज्याची वाटते त्याकडे येतो: 'चावला की मांस सडतं.'

ग्राउंड स्पायडर माणसाला क्वचितच चावतो. कपड्यात अडकला, हाताखाली दाबला गेला तर. चावला तर थोडी आग, लाली, सूज. मांस सडल्याचा भरवशाचा पुरावा या कोळ्यांविरुद्ध नाही. खऱ्या रिक्लूजचा दंश काही वेळा चामडी मरण्यापर्यंत जातो, हे खरं आहे. पण त्याचेही बहुतेक दंश नीट बरे होतात. आणि तो घरात असला तरी किती चावतो? कॅन्ससमधल्या एका राहत्या घरात सहा महिन्यांत २,०५५ रिक्लूज पकडले गेले. घरात चार माणसांचं कुटुंब राहत होतं. कोणालाही दंश झाल्याचं आढळलं नाही. हा अहवाल २००२ साली छापून आला.

याहून जवळचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. तिथले पांढऱ्या शेपटीचे कोळी, लॅम्पोना, पूर्वी ग्राउंड स्पायडरांच्याच कुलात धरले जात, नंतर त्यांचं स्वतंत्र कुल झालं. त्यांच्या चाव्याने मांस सडतं असं तिथे वर्षानुवर्षं मानलं जात होतं, डॉक्टरही मानत होते. मग चावलेला कोळी पकडून आणलेला आहे आणि तज्ज्ञाने तो ओळखलेला आहे, असेच १३० दंश गोळा करून त्यांचा पाठपुरावा केला गेला. २००३ साली निष्कर्ष छापले गेले: एकाही रुग्णाची जखम सडली नव्हती. या अभ्यासाचं बळ त्या दोन अटींत आहे. कोळी हातात हवा, आणि तो ओळखणाऱ्याने ओळखलेला हवा. आपल्याकडे फिरणाऱ्या फोटोत जखम एकाची, कोळी दुसरीकडचा, आणि दोघांची गाठ कधी पडल्याचा पुरावा काही नाही.

मग त्या जखमा कशाच्या? यावर मला विशेष जोर द्यायचा आहे, कारण याच ठिकाणी चुकीचं नाव माणसाच्या जिवावर येऊ शकतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर, झुडपांत, बागायतीत, गवतात वावरणाऱ्या माणसाला स्क्रब टायफस होऊ शकतो. माइट नावाच्या, गोचिडीच्या जातकुळीतल्या अतिसूक्ष्म जिवाच्या पिल्लांच्या चाव्यातून त्याचे जंतू शरीरात शिरतात. चावा दुखत नाही, कळतही नाही. काही दिवसांनी तिथे काळी खपली धरते, बहुधा काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, आणि ताप येतो. गोव्यातल्या तापाच्या रुग्णांमध्ये हा आजार आढळल्याचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांपर्यंत जातो. काळी खपली बघून 'कोळी चावला' म्हणत घरी लेप लावत बसलेला माणूस हाच वेळ गमावतो. खपली आणि ताप एकत्र दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि खपली दाखवा. दाखवल्याशिवाय ती सापडत नाही, कारण ती झाकलेल्या जागी असते.

दुसरा प्रकार आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर भाजल्यासारखा पट्टा, त्यावर बारीक फोड. 'कोळी मुतला' म्हणून तो सोडून दिला जातो. करणारा असतो पेडेरस नावाचा नारिंगी-काळा लहान भुंगेरा. तो शेताकडून रात्री दिव्याकडे येतो, अंगावर बसतो, आपण झोपेत तो चिरडतो, आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं दाहक द्रव्य कातडीवर पसरतं. आग लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून खरं कारण असलेला कीटक कोणाला दिसत नाही आणि भिंतीवरच्या कोळ्यावर आळ येतो. अशा वेळी जागा साबणाने धुवा, चोळू नका, आणि झोपताना खिडकीजवळचा दिवा बंद ठेवा. तिसरा प्रकार मधुमेहाच्या माणसाच्या पायाची न भरणारी जखम, किंवा जंतुसंसर्गाने पसरलेला फोड. यांनाही कोळ्याचं नाव देऊन उपचार लांबवलेले मी जवळून पाहिले आहेत.

'आता गोव्यात पोचला आहे.' हे वाक्य ऐकल्यावर मला जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ सपाट माळ, आठवतात. आपला चिरा छिद्रांनी भरलेला असतो. उन्हाळ्यात सडा तापतो तेव्हा त्या छिद्रांत आणि सुट्या दगडांखाली ओल टिकते, आणि तिथे ग्राउंड स्पायडर, विंचू, गोमी, वाळवी सगळे एकमेकांच्या शेजारी राहतात. काजूच्या बागेतल्या पाचोळ्यात, कुळागरातल्या सुपारीच्या झावळ्यांखाली, घराच्या चिरेबंदी वयीत (कुंपणात) हे कोळी पूर्वीपासून आहेत. जोराचा पाऊस लागला, दगडाखाली पाणी शिरलं, की ते कोरडी जागा शोधत वर येतात आणि आपल्या पायरीवर दिसतात. त्यात प्रौढ नर मादीच्या शोधात रात्री भटकत असतात. माटोळीसाठी रानातून आणलेल्या फळांबरोबर, नारळ-सुपारीच्या शिपट्यांबरोबर एखादा कोळी घरात येतो हेही खरं. तोही इथलाच असतो.

माणसाबरोबर जगभर फिरलेले ग्राउंड स्पायडर नाहीत असं नाही. उरोझेलोटेस रस्टिकस हा घरांच्या, गोदामांच्या आसऱ्याने अनेक खंडांत पसरलेला आहे, आणि त्याच्यापासून कोणाला इजा नाही. आणि गोव्याच्या यादीत एखादी जात पहिल्यांदा नोंदली गेली तर तिचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की त्या सड्यावरचे दगड आधी कोणी उचलून पाहिले नव्हते. जगातल्या कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींनी २०२२ साली ५०,००० चा आकडा गाठला. यादी अजून वाढतेच आहे. कुलांच्या सीमाही हलताहेत: प्रोडिडोमिडी हे कुल २०१८ साली नॅफोसिडीत मिसळलं गेलं आणि २०२२ साली जनुकीय पुराव्यावर पुन्हा वेगळं काढलं गेलं. आपल्या घरांच्या भिंतींवर रात्री हिंडणारा फिकट रंगाचा झिमिरिस त्यातलाच. वर्गीकरण शिकणाऱ्याला हे बदल पाठ करावे लागतात. इतकं सगळं चालू असताना 'हा कोळी इथला नाही' असं एका फोटोवरून कोण सांगू शकतो?

राहिलं 'दिसेल तिथे मारा'. घरात कोळी नको असेल तर काचेचा ग्लास त्याच्यावर पालथा घाला, खालून जाड कागद सरकवा आणि बाहेर दगडाजवळ सोडा. फवारणीने कोळी किंवा ते खातात ते किडे मरतीलच याचा भरवसा नाही, पण लहान मुलांच्या खोलीत कीटकनाशक नक्की उरतं. लाकडं, चिरे, सुक्या झावळ्या हलवताना हातमोजे घाला, बूट घालण्याआधी झटका. ही सवय विंचू आणि फुरशासाठी तशीही हवी.

आणि फोटो काढायचाच असेल तर असा काढा की त्याचा उपयोग होईल. कोळी पारदर्शक डबीत घ्या. एक फोटो वरून, तंतुनलिकांसह पूर्ण शरीराचा. एक समोरून, डोळ्यांचा. एक डबीच्या तळातून, पोटाच्या खालच्या बाजूचा. मादी प्रौढ असेल तर तिथे गडद ठिपक्यासारखी एपिजाइन दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवा. गाव, जागा, तारीख लिहा, मग कोळी सोडून द्या. म्हादई, मोलें, नेत्रावळी, खोतीगाव अशा अभयारण्यांत असाल तर कोळी पकडू नका, दगडही उलटू नका. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुना घेता येत नाही. बाहेर दगड उलटलात तर जसा होता तसाच परत ठेवा, त्याखाली अंडपिशव्या असतात.

मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात सापडलेल्या कोळ्याचा समोरून काढलेला फोटो पाठवा, आणि त्यात दोन-दोनच्या तीन जोड्यांत सहा डोळे दिसत असतील तर त्याच दिवशी पाठवा. तो खरोखर लोक्सोसेलेस निघाला तर ती महत्त्वाची नोंद आहे आणि ती तज्ज्ञांपर्यंत पोचवायची जबाबदारी मी घेतो. आठ डोळे असतील तर कृपा करून तो मजकूर तुमच्याकडेच थांबवा.